जिभेचे पीक



डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील आपल्या घरांत अलीकडे एक प्रसंग वारंवार घडू लागला आहे. मुलगा कानात इअरफोन घालून बसलेला असतो. मान लयीत हलत असते, ओठ पुटपुटत असतात. एखादे दिवशी इअरफोन मोबाईलपासून सुटतो, आवाज घरभर पसरतो आणि स्वयंपाकघरात आईचा हात जागच्या जागी थांबतो. बाजारातल्या भांडणातही क्वचित कानी पडणारे शब्द तिच्या घरात तालावर म्हटले जात असतात. त्यांत कोणाच्या तरी आईचा, कोणाच्या तरी बहिणीचा उद्धार असतो. मुलाचे उत्तर ठरलेले असते : "अम्मी, ते खरं थोडंच असतं? रॅप आहे. त्यात तसंच बोलतात."

या उत्तराकडे थट्टेने पाहू नये, कारण त्यात एक खरा नैतिक प्रश्न दडलेला आहे. जो शब्द मनापासून उच्चारलेला नाही, केवळ ऐकणाऱ्याला धक्का बसावा म्हणून उच्चारला आहे, त्याचा हिशेब द्यावा लागेल काय? (वाद्यसंगीताच्या वैध-अवैधतेची चर्चा येथे करावयाची नाही. बहुसंख्य फुकहा ते निषिद्ध मानतात, इब्ने हज्म यांच्यासारख्यांचे मत निराळे आहे. मात्र अश्लील वाणीला परवानगी यांपैकी कोणीही दिलेली नाही.)

आपल्याच राज्यातील उदाहरण घ्या. पुण्याच्या ताडीवाला रोड वस्तीतील अल्ताफ शेख हा तरुण ‘एमसी स्टॅन’ या नावाने देशभर ओळखला जातो. बालवयात कव्वाली गाणारा हा मुलगा पुढे रॅपकडे वळला आणि प्रतिस्पर्ध्यांना शिव्या घालणाऱ्या गीतांमुळे त्याचे नाव झाले. २०१९ मध्ये त्याचे एक गीत आले, त्याचे शीर्षक होते ‘अस्तगफिरुल्लाह’. त्यात तो आपल्या मागील आयुष्याविषयी बोलतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याने दूरचित्रवाणीवरील ‘बिग बॉस’ ही स्पर्धा जिंकली. पुढच्याच महिन्यात इंदूरमधील त्याचा कार्यक्रम, भाषेवर आक्षेप घेणाऱ्यांनी बंद पाडला. क्षमायाचना आणि शिवी एकाच मुखातून येताना आपली मुले ऐकतात. त्या तरुणाच्या अंतःकरणात काय आहे, ते अल्लाह जाणतो. आपल्यापुढील प्रश्न ऐकणाऱ्या मुलाचा आहे.

हाच प्रश्न सातासमुद्रापलीकडे अधिक उघड्या रूपात उभा राहिला होता. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात २००७ च्या सुमारास कोवळ्या वयाच्या मुलांनी ‘ऑड फ्यूचर’ नावाची रॅपमंडळी जमविली. बलात्कार, खून, अपहरण यांची वर्णने ती हसत-खेळत गात. टायलर हा त्यांचा म्होरक्या. २००९ आणि २०११ च्या त्याच्या गीतसंग्रहांतील शब्दांकडे बोट दाखवून ब्रिटनने २०१५ मध्ये त्याला देशात प्रवेश नाकारला. त्याचे म्हणणे असे की ते शब्द त्याचे नव्हतेच, एका कल्पित पात्राचे होते. आपल्या घरातील मुलगा जे म्हणतो, तेच हे उत्तर आहे.

आपल्याकडील वडीलधाऱ्यांना येथे ‘नक्ले कुफ्र, कुफ्र न बाशद’ ही जुनी फारसी म्हण आठवेल. कुफ्रचे बोल उद्धृत केल्याने उद्धृत करणारा काफिर होत नाही. म्हण योग्यच आहे. पवित्र कुरआनमध्येही फिरऔनचे उद्दाम बोल आले आहेत. पण ते कशासाठी आले आहेत? त्या उद्दामपणाचा शेवट दाखविण्यासाठी. वाईटाचे कथन करणे वेगळे आणि वाईटाची चव घेणे वेगळे. ज्या गीतात अत्याचाराचे वर्णन चविष्ट पदार्थासारखे वाढलेले असते, त्याला या म्हणीचा आधार मिळत नाही.

माननीय मुआज बिन जबल (रजि.) यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना जवळजवळ याच मुलाचा प्रश्न विचारला होता. आपण जे बोलतो त्याबद्दलही आपली पकड होईल काय? तिर्मिजीतील त्या हदीसचा आशय असा की, माणसांना नरकात तोंडघशी पाडणारी गोष्ट म्हणजे त्यांच्या जिभांनी कापलेले पीकच होय. बुखारीतील दुसऱ्या एका हदीसचा आशय आणखी नेमका आहे : माणूस काहीही विचार न करता अल्लाहला अप्रिय असा एखादा शब्द बोलून जातो आणि त्यामुळे नरकात जाऊन पडतो. ‘मी ते मनापासून म्हटले नव्हते’ ही सबब येथे संपते. मनापासून न बोललेल्या शब्दाविषयीच ती हदीस आहे.

तरीही इस्लामने कठोर शब्दाचे दार पूर्ण बंद केलेले नाही, आणि आपल्या प्रवचनांतून ही बाजू बहुधा सुटून जाते. वाईट गोष्ट उघडपणे बोलणे अल्लाहला आवडत नाही, असे सांगणाऱ्या आयतीतच अपवाद आहे : ज्याच्यावर जुलूम झाला आहे त्याचा (४ : १४८). सूरह शुअराच्या अखेरीस कवींची कानउघाडणी आहे. ते प्रत्येक दरीखोऱ्यात भटकतात, जे करीत नाहीत ते बोलतात. तेथेही अपवाद आहे, ईमान राखणाऱ्या, सत्कृत्ये करणाऱ्या, अल्लाहचे स्मरण करणाऱ्या आणि जुलूम झाल्यानंतर प्रतिकार करणाऱ्या कवींचा (२६ : २२७). माननीय हस्सान बिन साबित (रजि.) यांच्या धारदार कवितेला प्रेषितांनी (स.) प्रोत्साहनच दिले. म्हणजे शब्द किती तिखट आहे एवढेच पाहून भागत नाही. तो कोणाच्या तोंडून येतो आणि कोणावर जाऊन पडतो, हे पाहावे लागते.

या मातीत राहणाऱ्यांना जुलूम म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागू नये. ज्या वारली बांधवांच्या शेजारी आपण दुकाने मांडली, वाड्या केल्या, त्यांचे आजे-पणजे जमीनदारांच्या वेठीला जुंपलेले होते. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघेही सावकाराच्या घरी राबत. त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. मे १९४५ मध्ये तलासरीजवळील झरी गावी वारल्यांनी वेठ करणार नाही असा निर्धार केला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच आदिवासी मारले गेले. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हा सारा काळ लिहून ठेवला आहे. ते पुस्तक आपल्यापैकी प्रत्येक घरात असावयास हवे होते, ही माझी जुनी खंत आहे.

त्या उठावाचे नाव २०१९ मध्ये एका रॅपगीताला मिळाले. मुंबईतील ‘स्वदेसी’ या तरुण मंडळींनी आरे जंगलातील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ हे गीत केले. त्याचा रोख जंगल तोडणाऱ्यांवर आणि आदिवासींना बेघर करणाऱ्यांवर आहे. एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन मराठी रॅपरांवर राजकीय गीतांसाठी पोलिसांत गुन्हे नोंदविले गेले. त्यांच्या प्रत्येक शब्दाची जबाबदारी आपण घेऊ नये. पण सत्तेवर बोट ठेवणारा पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढतो आणि अनोळखी बाईच्या अब्रूवर गाणारा लक्षावधी श्रोते मिळवितो, ही उलटी रीत मुलाला जरूर दाखवावी.

मुलगा म्हणेल की वस्तीतले हे गाणारेही मजलूमच आहेत. गरिबी, पोलिसांचा धाक, शाळेतील अवहेलना हे सारे त्यांनी सोसले आहे. खरे आहे, आणि त्यांचा संताप खोटा नाही. पण कुरआनने प्रतिकारालाही माप घालून दिले आहे : जेवढा त्रास झाला तेवढाच बदला, आणि धीर धरल्यास ते अधिक चांगले (१६ : १२६). ज्या प्रतिस्पर्ध्याशी भांडण आहे त्याच्या आईने कोणता जुलूम केला? शिवी खाणारी ती बाई भांडणात कोठेच नसते. बुखारी आणि मुस्लिममधील हदीसनुसार आपल्याच आई-वडिलांना शिवी देणे हे मोठ्या पापांपैकी एक आहे. असे कोण करील, असे विचारले असता प्रेषितांनी (स.) सांगितले की माणूस दुसऱ्याच्या बापाला शिवी देतो, तो उलटून याच्या आई-बापाला देतो. दोन रॅपरांच्या जुगलबंदीचे याहून अचूक वर्णन सापडणे कठीण.

धक्का देणारा कवी हे संकट आपल्याला नवे नाही. हजरत उमर (रजि.) यांच्या काळात हुतैआ नावाचा कवी होता. निंदाकाव्य हाच त्याचा व्यवसाय. त्याने स्वतःच्या आईलाही सोडले नव्हते आणि स्वतःलाही. जिब्रिकान बिन बद्र या सरदाराने त्याची तक्रार केली, तेव्हा खलिफांनी हस्सान (रजि.) यांना विचारले की ही खरोखर निंदा आहे काय. म्हणजे काव्याचा निर्णय काव्य जाणणाऱ्याकडून घेतला. मग हुतैआला कैद झाली. कैदेतून त्याने आपल्या चिमुकल्यांची दशा सांगणारे काव्य पाठविले, ते ऐकून उमर (रजि.) रडले आणि त्याला सोडले. इतिहासकार सांगतात की सोडताना त्यांनी त्याला ३००० दिरहम देऊन लोकांची अब्रू त्याच्याकडून विकत घेतली. शिवीवर ज्याचे पोट चालते, त्याला केवळ दरडावून भागत नाही, हे त्यांनी ओळखले होते. आज हुतैआचे पोट कोण भरतो? प्रत्येक ‘व्ह्यू’ मोजला जातो, त्याचे पैसे होतात, आणि त्या मोजणीत आपल्या घरातील मोबाईलही असतो.

मग आई-वडिलांनी काय करावे? मोबाईल हिसकावणे सोपे आहे. चोरून तपासणे त्याहून सोपे, पण पाळत ठेवण्यास कुरआनने मनाई केली आहे (४९ : १२). मुस्नद अहमदमध्ये एका तरुणाची हकीकत आहे. त्याने भर सभेत प्रेषितांकडे (स.) व्यभिचाराची परवानगी मागितली. याहून धक्कादायक बोल कोणते? लोक त्याच्यावर ओरडले. प्रेषितांनी (स.) त्याला जवळ बसविले आणि विचारले : तुझ्या आईच्या बाबतीत हे तुला आवडेल? मुलीच्या? बहिणीच्या? आत्याच्या? मावशीच्या? प्रत्येक वेळी तो ‘नाही’ म्हणाला. मग त्याच्यावर हात ठेवून त्यांनी त्याच्यासाठी दुआ केली. तरुणाच्या मनात जी ‘बाई’ होती तिला चेहरा नव्हता. एकेका प्रश्नाने तिला चेहरा मिळत गेला.

लॉस एंजेलिसच्या त्या मंडळींतील एका मुलाला हाच अनुभव निराळ्या वाटेने आला. ‘अर्ल स्वेटशर्ट’ या नावाने गाणारा हा मुलगा २०१० मध्ये १६ वर्षांचा होता. प्रसिद्धी दाराशी आली असताना त्याच्या आईने त्याला पॅसिफिक महासागरातील सामोआ बेटावरील शाळेत पाठविले. चाहत्यांनी त्याच्या सुटकेची मोहीम चालविली आणि आईलाच दोष दिला. तिकडे लैंगिक अत्याचार सोसलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत त्याने काही काळ काम केले. जे शब्द तो गंमत म्हणून गात होता, ते ज्यांच्यावर खरोखर ओढवले होते अशी मुले त्याच्यासमोर बसली. २०१२ मध्ये तो परतला, तेव्हा त्या जुन्या विषयांकडे तो पूर्वीसारखा पाहू शकत नव्हता.

आपल्याला सामोआ गाठण्याची आवश्यकता नाही. चिकूच्या वाडीत तोडणीला येणारी, फुग्यांच्या कारखान्यात जाणारी, तलासरीच्या एसटीत दाराशी उभी असलेली वारली मुलगी कोणाची तरी बहीण आहे. गाण्यातला शब्द बहुधा तिच्याच दिशेने पहिल्यांदा उच्चारला जातो. मुलाला जवळ बसवून विचारावे की हे गीत कोणावरच्या जुलमाविषयी बोलते आणि यातला हा शब्द नक्की कोणावर पडतो. उत्तर त्याला शोधू द्यावे. कधी कधी तो आपल्यालाच निरुत्तर करील, कारण यांतील पुष्कळ शब्द त्याने मोबाईलवर प्रथम ऐकलेले नसतात. गॅरेजमध्ये हाताखालच्या पोराला, दुकानात उधारी थकविणाऱ्या गिऱ्हाईकाला, महामार्गावर आडवा आलेल्या ट्रकवाल्याला आपण काय म्हणतो, हे मागच्या सीटवर बसून तो लहानपणापासून ऐकत आला आहे. तेथे तर ताल नसतो आणि पात्रही नसते.

आणि त्या गाणाऱ्या तरुणांविषयी घरात बोलताना संताप अनावर होतो, तेव्हाची एक हकीकत. बुखारीत येते की अब्दुल्लाह नावाचा एक मनुष्य प्रेषितांना (स.) हसवीत असे. दारूसाठी त्याला शिक्षा झाली होती, आणि तो पुन्हा त्याच गुन्ह्यासाठी आणला गेला. कोणीतरी वैतागून त्याला शाप दिला. प्रेषितांनी (स.) अडविले. त्याला शाप देऊ नका, त्यांनी सांगितले, तो अल्लाहवर आणि त्याच्या प्रेषितावर प्रेम करतो. शिक्षा त्या दिवशीही झाली.