लॉर्ड सँडविच

कोडमध्ये एकाच गोष्टीला दोन नावं दिसली की मी वैतागतो. एक ठेवायचं, दुसरं उडवायचं, विषय संपला. पण अमेरिकेत, र्‍होड आयलंडमधल्या न्यूपोर्ट बंदराच्या तळाशी पडलेल्या एका जहाजाच्या बाबतीत मला हे जमत नाहीये.

1764 मध्ये इंग्लंडच्या व्हिटबीत ते कोळसा वाहायला बांधलं, तेव्हा नाव 'अर्ल ऑफ पेम्ब्रोक'. 1768 मध्ये नौदलाने विकत घेऊन 'एंडेव्हर' केलं आणि त्यावरून जेम्स कुक 1770 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर पोचला. पुढे विकलं गेलं, 'लॉर्ड सँडविच' झालं, भाडोत्री जर्मन सैनिक घेऊन अमेरिकेत आलं, न्यूपोर्टमध्ये तुरुंग बनलं. ऑगस्ट 1778 मध्ये फ्रेंच आरमार चालून आलं, तेव्हा बंदराची वाट अडवायला ब्रिटिशांनी आपलीच जहाजं बुडवली. त्यात हेही होतं. कुक त्या महिन्यात दुसऱ्याच जहाजावर, बेरिंग सामुद्रधुनीपलीकडे बर्फात वाट शोधत होता.

2022 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयाने तिथला एक सांगाडा एंडेव्हरचाच असल्याचं जाहीर केलं. लाकडांची मापं जुन्या नोंदींशी जुळत होती. र्‍होड आयलंडचे संशोधक म्हणाले, घाई होतेय. वाद एवढाच, की हे 'ते' जहाज आहे का?

मला खटकतो तो हा 'ते'. बॉटनी बेच्या किनाऱ्यावर कुकच्या तुकडीने ज्यांच्यावर बंदुका झाडल्या, त्या ग्वीगल लोकांसाठी ते कसलं शोधाचं जहाज? त्याच्या पोटात कोंडलेल्या कैद्यांना जुनं नाव सांगून काय मिळालं असतं? आणि शेजारी बुडवलेल्या बाकीच्या जहाजांनी तर तेच काम केलं, त्यांची फारशी चौकशीही नाही.

माझे आजोबा गिरणीत साचे चालवायचे. 1982 च्या संपानंतर वीस वर्षं एका सोसायटीत वॉचमन होते. ते गेले तेव्हा पेपरात द्यायचा मजकूर मी लिहिला. 'गिरणी कामगार' एवढंच लिहिलं, कुणी हरकत घेतली नाही. बाबांचं शिक्षण मात्र वॉचमनच्या पगारावर झालं होतं.

एंडेव्हर हे नाव नसतं, तर त्या सांगाड्यासाठी इतकी वर्षं कोणी पाण्यात उतरलं असतं का? लाकूड पोखरणाऱ्या किड्यांनी तो निवांत संपवला असता. हे कळतं मला. तरी पाटी लिहायची माझ्याकडे आली, तर आधी 'लॉर्ड सँडविच' लिहीन. बुडताना त्याचं नाव तेच होतं. ती पाटी बघायला तिकीट काढून कोण येईल, ते मात्र मला सांगता येत नाही.