काबरी भाटी आणि द्रव्यलेश्या

काळ्या-तांबड्या केसांची सरमिसळ असलेलं मांजर दिसलं की माणसं हमखास दोन गोष्टी बोलतात. एक, "रंग बघा कसा सांडलाय अंगावर!" आणि दुसरी, "तापट असतात हं असली." पहिलं वाक्य डोळ्यांनी पाहिलेल्याचं आहे, त्यावर भांडण नाही. दुसरा मात्र निवाडा आहे, आणि पहिल्यावरून दुसऱ्यावर आपण इतक्या सहज कसे जातो, हे मला गेलं वर्षभर छळतंय.

इंग्रजीत अशा मांजराला टॉर्टॉइजशेल म्हणतात. हॉक्सबिल जातीच्या समुद्री कासवाच्या पाठीवर असाच पिवळट-तांबूस-काळा रंग असतो, त्यावरून. त्या कवचाचे कंगवे, चष्म्यांच्या काड्या, दागिन्यांच्या पेट्या करत. त्यापायी इतकी कासवं मारली गेली की १९७७ साली आंतरराष्ट्रीय करारानं तो व्यापार बंद करायची वेळ आली. मेलेल्या जिवाच्या पाठीवरून जिवंत जिवाला नाव! आपल्याकडं असं खास नाव नाही. काबरी म्हणतो, पांढरा मिसळला की तिरंगी म्हणतो, आणि मादी म्हणून भाटी. मला आपली काबरी बरी वाटते.

आमच्या बेळगावच्या घरी मागच्या परसात अशी एक भाटी येते. पाळलेली नाही. आमच्यात मांजर पाळत नाहीत, आणि ते सोवळ्याओवळ्यापायी नव्हे. श्रावकाच्या अनर्थदंडव्रतात हिंसादान म्हणून जे टाळायला सांगितलंय, त्यात शस्त्र आणि विष यांच्याबरोबर मांजरासारखे हिंस्र प्राणी बाळगणंही येतं. उंदरासाठी मांजर ठेवणं म्हणजे घरात हत्यार ठेवण्यासारखंच. सासूबाईंनी यावर तोड काढून ठेवली होती : पाळायचं नाही, पण दारात आलेल्याला उपाशी हाकलायचंही नाही. म्हणून दुधात कुस्करलेली चपाती मिळते तिला. रात्रीचं जेवण आमच्यात नाही, तेव्हा तिलाही दिवस मावळायच्या आत. पुढं रात्री ती काय करते ते विचारायला आम्ही जात नाही. शेजारच्या बाई मात्र पहिल्याच दिवशी कुंपणावरून म्हणाल्या होत्या, "तसलं मांजर दारात नको गं अक्का. रंगासारखंच डोकं असतंय त्याचं."

हा रंग येतो कसा, ते आधी सांगते, कारण त्यातच माझा अर्धा प्रश्न आहे. मादीच्या पेशीत एक्स नावाची गुणसूत्रं दोन असतात, एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. नरात एकच. मांजराचा तांबडा रंग ठरवणारा जनुक नेमका या एक्सवर बसलेला आहे. १९६१ साली मेरी लायन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञ बाईंनी उंदरांच्या रंगांवरून असं मांडलं की गर्भ अगदी इवलासा असतानाच मादीची प्रत्येक पेशी आपल्या दोन एक्सपैकी एक बंद करून टाकते. कुठला बंद करायचा, याला नियम नाही. शेजारी शेजारी असलेल्या दोन पेशी वेगवेगळे बंद करतील. पण एकदा बंद केला की त्या पेशीची सगळी पिलावळ तोच बंद ठेवते. त्यामुळं जिथं तांबड्याचा एक्स जागा राहिला तिथं तांबडं ठिगळ, जिथं दुसरा राहिला तिथं काळं. त्याच्याही आधी, १९४९ साली, कॅनडात मरे बार आणि त्यांचे विद्यार्थी बर्ट्राम यांना मांजरांच्याच मज्जापेशींत एक गडद ठिपका दिसला होता. माद्यांत दिसायचा, नरांत नाही. तो ठिपका म्हणजे घडी घालून बाजूला ठेवलेला एक्स, हे मागाहून कळलं. आणि तांबड्या रंगाचा जनुक तर अलीकडं, २०२५ साली, जपानातल्या क्युशू विद्यापीठानं आणि अमेरिकेतल्या स्टॅनफर्डनं जाहीर केला. तांबड्या मांजरात एक्सवरचा सुमारे पाच हजार अक्षरांचा एक तुकडा गळालेला असतो. तो गळाल्यामुळं जवळचा एक जनुक रंगपेशीत नको तिथं जागा होतो, आणि काळ्याऐवजी तांबडा रंग तयार होतो.

म्हणूनच काबरी ही जवळजवळ नेहमी भाटीच. असा बोका तीन हजारांत एखादा, असं सांगतात. त्याच्यात बहुधा एक एक्स जादा असतो आणि त्याला पिल्लं होत नाहीत. जपानात खलाशी असला बोका शुभ मानून जहाजावर ठेवायचे. तोच रंग, तोच प्राणी. तिकडं शुभ, इकडं डोकं फिरलेलं.

आता यातली मला सगळ्यांत विलक्षण वाटलेली हकीकत. २००१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठात मांजराची पहिली प्रतिकृती जन्माला आली. मूळ भाटीचं नाव रेनबो, तिरंगी. तिच्या एका पेशीतून बनवलेल्या पिल्लाचं नाव सीसी, म्हणजे कार्बन कॉपी असंच धरा. बीज तेच, अक्षरन् अक्षर तेच. पण सीसी जन्मली ती करड्या पट्ट्यांची आणि पांढरी. तांबडा केस नावालासुद्धा नाही! ज्या पेशीतून ती घेतली तिच्यात तांबड्याचा एक्स बंद होता, आणि तो बंदच राहिला. मोठी झाल्यावर अंगयष्टी वेगळी, स्वभावही वेगळा, एक बुजरी तर दुसरी चौकस, असं तिथल्या लोकांनी सांगितलं. पुढं तिला पिल्लं झाली आणि अठरा वर्षं जगून ती २०२० साली गेली. बीज हाती असूनही मांजर कसं निघेल हे सांगता आलं नाही, आणि आपण केसांवरून तिचा स्वभाव सांगतो.

स्वभावाची चौकशीही झालेली आहे म्हणा. अमेरिकेत अशा मांजरांच्या ताठ्यासाठी टॉर्टिट्यूड असा शब्दच घडवलाय. २०१२ साली बर्कलीच्या अभ्यासकांनी १८९ माणसांना विचारलं, तर तांबड्या मांजराला माणसं प्रेमळ म्हणाली आणि तिरंगीला फटकून वागणारी. पुढं डेव्हिसच्या पशुवैद्यकीय शाळेनं बाराशेहून जास्त मांजरमालकांना विचारलं. काबऱ्या आणि तिरंगी मांजरांच्या मालकांनी थोडा जास्त फणकारा सांगितला. पण थोडाच. शिवाय सांगणारे मालकच. ज्याला आधीपासून ठाऊक आहे की हिचं डोकं तापट, तो तिची प्रत्येक फिस्स मोजणार. तांबड्या बोक्यानं ओरबाडलं तर "खेळतोय" म्हणणार. शिवाय काबरी म्हणजे मादीच, हे विसरून कसं चालेल? नको म्हणणाऱ्या मादीला ताठ म्हणायची सवय माणसांना मांजरांच्याही आधीपासूनची आहे. असो.

आम्हा जैनांना या बाबतीत नवखे म्हणता येणार नाही. रंग आणि स्वभाव यांची सांगड आमच्याकडं चित्र काढून शिकवतात. बस्तीच्या भिंतीवर, पाठशाळेच्या पुस्तकात ते जांभळाचं झाड आणि सहा वाटसरू असतात. काळा माणूस मुळावर कुऱ्हाड घालतो, निळा बुंध्यावर, कबुतरी रंगाचा फांदीवर. पिवळा लहान डहाळी तोडतो, कमळाच्या रंगाचा नुसती फळं तोडतो, आणि पांढरा खाली पडलेली वेचून खातो. सहा लेश्या. सात वर्षांच्या पोराला यातून काय कळतं? लोभ कमी करावा, हे कळतं. आणि काळा तो वाईट, हेही कळतं. दुसरं कुणी मुद्दाम शिकवलेलं नसतं, पण चित्राबरोबर ते फुकट येतं. ते चित्र काढून टाका असं मी म्हणणार नाही. पण ते दाखवताना पुढची अर्धी गोष्ट सांगायची राहून जाते, ती सांगितली पाहिजे.

ती अर्धी गोष्ट गोम्मटसारात आहे. नेमिचंद्राचार्यांनी दहाव्या शतकात लेश्येचे सरळ दोन भाग केलेत. शरीराचा रंग ती द्रव्यलेश्या. ती वर्ण नावाच्या नामकर्मानं येते. भावलेश्या म्हणजे कषायांनी माखलेली मनाची, बोलण्याची, देहाची हालचाल, आणि ती घडीघडीला पालटते. द्रव्यलेश्येवरून भावलेश्या ओळखावी असं नाही. गोरा माणूस कृष्णलेश्येत असू शकतो, आणि कोळशासारखा काळा शुक्ललेश्येत. आमच्या भाटीची द्रव्यलेश्या लिहायला बसलं तर एका कानाला एक आणि दुसऱ्या कानाला दुसरी लिहावी लागेल. (अनेकान्ताचं उदाहरण म्हणून हिला पुढं करायचा मोह होतो, तो आवरते. व्याख्यानांत हत्तीचे जे हाल झालेत ते मांजराचे नकोत.)

हे सगळं मी मांजरासाठी शोधत बसले नव्हते. माझ्या पुतणीच्या हातांवर आणि ओठाच्या कडेला दोन वर्षांपूर्वी कोड उठलं. चोवीस वर्षांची मुलगी, शिकलेली, स्वतःच्या पायांवर उभी. स्थळं आली आणि गेली. ते एक वेळ समजू शकतं, लोक भित्रे असतात. कोड लागत नाही, शरीराची स्वतःचीच संरक्षक यंत्रणा रंगपेशी मारते म्हणून ते होतं, हे डॉक्टरांनी सांगूनही लोक भितात. काबरीच्या रंगाशी त्याचा संबंध नाही, कारणं अगदी वेगळी. पण एका बैठकीत मुलाकडच्या नात्यातल्या एक वयस्क बाई, रोज स्वाध्याय करणाऱ्या, हळूच म्हणाल्या, "पूर्वीचं कर्म. त्याला कोण काय करणार?" आवाजात राग नव्हता, दयाच होती. रात्री पुतणीनं मला विचारलं, "काकू, कर्माचंच असेल तर मी केलं तरी काय असेल?"

याचं सोपं उत्तर असं की कर्मबिर्म सगळं झूट, हा नुसता पेशींचा खेळ. ते उत्तर मला देता येत नाही, कारण मी ते मानत नाही. आणि मानलं तरी पुरत नाही. पेशी बंद झाली ती "अशीच" झाली, हे उत्तर मांजराला चालतं, चोवीस वर्षांच्या मुलीला चालत नाही. दुसरं सोपं उत्तर त्या बाईंचं. तेही मला देता येत नाही, पण का देता येत नाही हे नीट सांगायला हवं, कारण तत्त्वार्थसूत्रातच अशुभ नामकर्माचं कारण दिलंय : मन-वचन-कायेची वक्रता. म्हणजे बाई शास्त्राबाहेर बोलल्या असं म्हणून सुटता येत नाही.

पण त्याच शास्त्रानं वर्णाचा हिशेब कसा मांडलाय? कर्मप्रकृतींची पुण्य आणि पाप अशी वाटणी करताना वर्ण, रस, गंध, स्पर्श हे दोन्हीकडं मोजलेत. पुण्यातही आणि पापातही. म्हणूनच दोन्ही याद्यांची बेरीज मूळ संख्येपेक्षा जास्त भरते. अमुक रंग शुभ आणि तमुक अशुभ, असं शास्त्रकारांनी ठरवून टाकलं नाही. पांढरा डाग काळ्या मांजराच्या छातीवर असला तर आपण त्याचा फोटो काढतो, तोच मुलीच्या ओठावर आला की पाप. मग ते पाप ओठावर आहे की बघणाऱ्याच्या डोळ्यात? शिवाय नामकर्म अघाती. ते देह घडवतं, आत्म्याच्या ज्ञानदर्शनाला हात लावत नाही. आणि दुसऱ्याच्या खात्यात मागच्या जन्मी काय जमा झालं, हे वाचायला केवलज्ञान लागतं. रोजच्या स्वाध्यायानं ते कुणाला झाल्याचं ऐकिवात नाही. कर्मसिद्धान्त माणसानं स्वतःवर लावायचा असतो. दुसऱ्यावर लावला की त्याचा पंचनामा होतो. परनिंदा हे नीच गोत्राच्या बंधाचं कारण म्हणून त्याच अध्यायात, दोन सूत्रं पुढं मागं, सांगितलंय. ते पान उलटायचं राहून जातं.

आणि रंगाचंच म्हणाल तर आमच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत जाऊन यावं. १२०४ सालची बस्ती. मूलनायक नेमिनाथ, काळ्या पाषाणाचे. परंपरेनंही नेमिनाथ आणि मुनिसुव्रत यांचा वर्ण काळाच सांगितलाय. त्याच काळ्यापुढं आपण अक्षता वाहतो, आणि घरी येऊन सून गोरी हवी म्हणतो.

एवढं सगळं मी पुतणीला सांगितलं, एका दमात नव्हे, चार-पाच दिवस, मागच्या पायरीवर बसून. बायकांच्या अंगातही काबरीसारखीच ठिगळं असतात, हेही सांगितलं, आपल्यात ती वरून दिसत नाहीत इतकंच. काही घराण्यांत बायकांच्या कातडीचा काही भाग घाम देतो आणि काही देत नाही, तो याच बंद-चालू एक्सचा परिणाम. तिला ते आवडलं. हसली. भाटी तोवर तिच्या ओढणीच्या टोकाशी झटत होती. नखं लागली तेव्हा तिनं टोक सोडवून घेतलं, मागं सरली नाही.

मग म्हणाली, "काकू, हे मला पटलंय. पण मला कशाला सांगताय? त्यांना सांगा की."

त्या बाई दर अष्टमी-चतुर्दशीला बस्तीत असतात. अभिषेकाला माझ्या पुढच्याच ओळीत बसतात.