दोन ठोक्यांच्या मधे

सांताक्रूझमध्ये अगदी शांत जागा शोधत बसू नका. विमान डोक्यावरून गेलं तर जाऊ द्या. उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी टेकवा. नाडी हळूच शोधा.

लागली? आता रक्ताबरोबर आत चला. महाशिरांतून आलेलं काळपट रक्त उजव्या अलिंदात उतरतंय. मधल्या पडद्यावर एक उथळ खळगा आहे, अंगठा दाबून उठवल्यासारखा. जन्माआधी इथे वाट होती. फुप्फुसं वगळून रक्त थेट पलीकडे जायचं. पहिल्या श्वासांबरोबर ती मिटली. साधारण चारांतल्या एकाची फट पुरती बुजत नाही, आणि बहुतेकांना आयुष्यभर त्याचा पत्ताही नसतो. इथे जरा रेंगाळा.

मग त्रिदली झडप, उजवं निलय, फुप्फुसं आणि लालभडक होऊन डावं अलिंद. द्विदली झडप ओलांडून डाव्या निलयात या. इथली भिंत उजव्या निलयाच्या जवळजवळ तिप्पट जाड. झडपेच्या पाकळ्यांना पांढरे, चिवट दोरे बांधलेले दिसतील. पावसाळी वाऱ्यात छत्री उलटते तशी झडप उलटू नये, म्हणून ते ताणून धरतात.

लब्. अलिंदांखालच्या झडपा मिटल्या, सुमारे ७० मिलिलिटर रक्त महाधमनीत गेलं. डब्. तिच्या तोंडाची झडप मिटली. आता लक्ष पुढच्या उसंतीवर. मिनिटाला ७२ ठोके धरले, तर एका ठोक्याचे ०.८ सेकंद, त्यांतले जेमतेम ०.३ आकुंचनाचे, बाकी सैल पडण्याचे. हृदयाला विसावा नाही, असं आपण उगीच म्हणतो. या जाड भिंतीला स्वतःच्या वाटचं रक्त मिळतं, तेही मुख्यतः या सैल वेळातच.

२०१५ च्या ऑगस्टमध्ये पुण्याहून एक हृदय विमानाने मुंबईत उतरलं आणि मुलुंडला दुसऱ्याच्या छातीत धडधडू लागलं. काढताना त्याचे मज्जातंतू तुटतात. तरी ते चालतं, कारण ठोका सुरू होतो तो उजव्या अलिंदाच्या भिंतीतच.

आता सावकाश उठा आणि स्टेशनचा पूल चढा. चार पायऱ्यांतच नाडी वाढेल. मज्जातंतूंनी वर्दी दिलेली असते. नव्याने बसवलेल्या हृदयाला ती मिळत नाही. रक्तातून ॲड्रेनलिन पोचेपर्यंत ते आपल्याच चालीने चालतं, म्हणून अशा माणसाला जिना चढण्याआधी थोडं सपाटीवर चालून घ्यायला सांगतात.