खाकरण्याची ताकद

पूर्वी वाड्यात शिरताना थोरली माणसं ओसरीवरूनच खाकरत. आतल्या बायकांना तेवढ्यात पदर सावरता येई. खाकरायला ताकद लागते, हे तेव्हा कुणाच्या मनातही आलं नसेल.

मज्जारज्जूला इजा झाली की ही ताकद जाऊ शकते. अशा माणसाचा श्वास कितपत चालतो हे इजा किती उंचावर आहे त्यावर ठरतं. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झालेले मुरलीकांत पेटकर १९७२च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये पोहून सुवर्णपदक घेऊन आले. ‘सुपरमॅन’ क्रिस्टोफर रीव्ह १९९५ साली घोड्यावरून पडला, इजा मानेच्या अगदी वरच्या टोकाला, आणि श्वासासाठी यंत्राला जोडला गेला. बहुतेकजण या दोघांच्या अधेमधे कुठेतरी असतात.

ओळखीच्या घरातला एक मुलगा असाच. विहिरीत सूर मारताना मान मोडली. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, त्याचं चालतं. या पडद्याच्या नसा मानेतून, तिसऱ्या ते पाचव्या पातळीतून निघतात, त्या बचावल्या. हवा आत येते. जोरानं बाहेर फेकायला मात्र पोटाचे आणि बरगड्यांमधले स्नायू लागतात, आणि मेंदूचा हुकूम तिथवर पोचतच नाही. खोकला गेला तो असा. साधं पडसं छातीत उतरलं की कफ साचतो, मग न्यूमोनिया. अशा रुग्णांच्या मृत्यूंमागे श्वसनाचे विकार हे आजही एक मोठं कारण आहे. आपली सहानुभूती मात्र चाकाच्या खुर्चीच्या रॅम्पपाशी येऊन थांबते.

भेटायला येणारे हटकून म्हणतात, “जरा उठवून बसवा, मोकळं वाटेल.” आपल्याला धाप लागली की आपण उठून बसतो ना! त्याचं नेमकं उलटं. बसवलं की सैल पोट पुढे येतं, श्वासपटल खाली उतरून सपाट होतं, त्याला रेटा द्यायला वाव उरत नाही. आडवं असताना श्वास जास्त भरतो. म्हणून खुर्चीत बसवण्याआधी आई त्याच्या पोटाला रुंद पट्टा आवळते, बाळंतिणीला बांधतात तसा. चारचौघांत ताठ बसण्याची किंमत अशीही मोजावी लागते.

एकदा बोलता बोलता तो मध्येच थांबला. हाक नाही, नुसती भुवई उचलली. आई पिठाचे हात पुसत आली, दोन्ही तळवे बेंबीच्या वर टेकवले. त्यानं श्वास भरला; तो खोकायला आणि तिचा आत-वर दाब पडायला एकच गाठ. पहिल्यांदा हुकलं. तिसऱ्या खेपेला बेडका सुटला.

“निघाला एकदाचा,” म्हणत ती पोळ्यांकडे वळली.