चित्र आणि साक्ष

भेस्तान येथील आमच्या शब्बाथशाळेत शिकविणारा एक तरुण ध्रुवीय प्रकाशाचे छायाचित्र घेण्याची तयारी करीत आहे. मे २०२४ मधील प्रबळ सौरवादळाच्या वेळी लडाखातील हानले येथूनही आकाशातील तांबडी आभा टिपली गेली, हे वाचल्यापासून त्याने तेथे जाण्याचा ध्यास घेतला आहे.

तयारी पुष्कळ आहे. कॅमेऱ्यास तिपाई हवी. काळोखात एखाद्या ताऱ्यावर भिंग नेमके बसवावे लागते. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून जादा बॅटरी अंगाशी उबेत ठेवावी लागते. आपल्या गच्चीवर, शहराच्या झगमगाटात, तो सराव करतो.

परवा त्याने विचारले, "कॅमेरा दहा-पंधरा सेकंद प्रकाश साठवितो. अंधारात डोळ्याला मात्र रंग नीट कळत नाहीत. मला फिकट दिसलेले चित्रात लालभडक आले, आणि ते मी मुलांना दाखविले, तर मी खोटा ठरेन काय?"

आम्हांस वाटते, चित्र खोटे नाही. तो रंग २०० किलोमीटरांहून उंच असलेल्या प्राणवायूचाच आहे. आपली दृष्टी तोकडी आहे. परंतु "मी असेच पाहिले," असे तो म्हणाला, तर चित्र खरे राहून साक्ष खोटी होईल.

प्रियजनहो, मंडळीपुढे अनुभव सांगताना आपणही रंग चढवितो. फिकट दिसले ते फिकट होते, असे सांगण्यास धैर्य लागते. तिपाईबरोबर त्याने तेवढे न्यावे, आपणही बाळगावे.