सवय झाली की…

हैदराबादेत इराणी हॉटेलात टेबलाशी बसा. चहा समोर येईल; लगेच कपाला हात लावू नका. बंद भांड्यात बराच वेळ मुरलेला कोरा चहा आणि वेगळं आटवलेलं दूध. पहिला घोट जिभेवर थोडा रेंगाळू द्या. आधी गोडी, मग मागून येणारा तुरटपणा. दुसरा घोट. चौथ्या-पाचव्या घोटाला बघा, चव कुठे गेली? चहा तोच आहे.

रोजच्या चहाबाजाच्या डोक्यात आणखी एक गोष्ट घडते. थकवा कळवणाऱ्या अ‍ॅडेनोसिनची वाट कॅफिन अडवतं. रोज अडवत राहिलं की मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो. मग एका कपाने तरतरी येत नाही, आणि एखाद्या दिवशी चहा चुकला की कपाळ ठणकायला लागतं. तो ठणका एकदा नुसता न्याहाळून पाहा.

आता उठा, सावकाश चादरघाटच्या पुलावर या. खाली मुसी नदी. एक श्वास घ्या. मैल्याचा दर्प थेट घशात उतरतो. तोंड फिरवू नका, उभे राहा. काही मिनिटांत दर्प बोथट होईल, कारण नाक आणि मेंदू तोच निरोप पुन्हा पुन्हा ऐकत नाहीत. एरवी ही कृपाच. नाहीतर अंगावरच्या कपड्याचा स्पर्शही दिवसभर टोचत राहिला असता.

पण इथेच थोडं थांबावंसं वाटतं. सप्टेंबर १९०८ मध्ये याच नदीच्या पुराने हजारोंचे जीव घेतले. त्यानंतर उस्मानसागर आणि हिमायतसागर ही धरणं बांधली गेली. पूर एका रात्रीत आला, म्हणून शहर हादरलं. मैला रोज थोडाथोडा आला, आणि शहराला त्याची सवय झाली. सवयीने तक्रार थांबते, मैला थांबत नाही. गटारातला हायड्रोजन सल्फाइड वायू दाट झाला तर वास घेण्याची शक्तीच मारतो. आत उतरलेल्या माणसाला वाटतं, वास गेला. खरं तर तेव्हाच जिवावर बेतलेलं असतं.

परगावच्या पाहुण्याने पुलावर नाकाला रुमाल लावला, तर ‘होईल सवय’ असं म्हणू नका. त्याचं नाक खरं सांगतंय.