उचलू नकोस, पूर्ण कर

॥ श्रीहरी ॥
आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३५



मन वाऱ्यासारखं आहे, आवरत नाही, अशी तक्रार अर्जुन करतो. भगवंत ती नाकारत नाहीत. कठीणच आहे म्हणतात आणि दोन उपाय देतात : अभ्यास आणि वैराग्य. मला प्रश्न पडायचा, एकीकडे कष्ट करायचे आणि दुसरीकडे सोडून द्यायचं, हे एकाच वेळी कसं जमणार?

उत्तर मिळालं खारघरला, सिडकोच्या गोल्फ कोर्सवर. फ्लॉप शॉट शिकत होतो. झेंडा अगदी जवळ, मध्ये वाळूचा खड्डा. चेंडू उंच जायला हवा आणि अलगद टेकून थांबायला हवा. साठ अंशांची वेज घ्यायची, आधी तिचं तोंड आभाळाकडे उघडायचं, मग पकड घ्यायची. आणि एवढ्याशा अंतरासाठी भलामोठा स्विंग! इथेच भीती वाटते. हात मध्येच मंदावतो, मनगट चेंडू उचलू पाहतं, वेजची धार चेंडूच्या पोटात बसते आणि तो सणसणत ग्रीनपलीकडे.

शिकवणारे काका म्हणाले, "अरे, उचलू नकोस. उचलायचं काम वेजचं. तू फक्त स्विंग पूर्ण कर."

मग कर्जतला घरी रोज सराव. कापणीनंतर खाचराची जमीन टणक होते, तिथे वेज उसळते. म्हणून बांधावरच्या गवतात. खालापूरजवळ महडला वरदविनायकापुढचा नंदादीप १८९२ पासून तेवतोय असं सांगतात. रोज कोणीतरी तेल घालतं, म्हणून तेवतो. अभ्यास म्हणजे हेच. आणि वैराग्य? स्विंग ढिला सोडणं नव्हे. स्विंग पूर्ण करायचा आणि चेंडू कुठे पडेल ही धास्ती सोडायची.

त्याच खाचराच्या विक्रीवरून मी दादाला नको ते बोललो होतो. सहा महिने अबोला. माफीचा मेसेज कितीदा लिहिला आणि अर्ध्यावर पुसला. तो काय म्हणेल, हीच भीती. परवा बांधावरूनच फोन लावला. "दादा, माझं चुकलं." पूर्ण वाक्य बोललो. तो काहीच बोलला नाही. वहिनीकडे फोन दिला.

चेंडू कुठे पडला, अजून माहीत नाही. पण त्या रात्री झोप लागली.

आजचा संकल्प : भीतीपोटी अर्ध्यावर सोडलेलं एक काम आज पूर्ण करूया. उचलणारा तो आहे.

राम कृष्ण हरी!